बायोफिल्म मरत नाही, की मोजमापच चुकतंय?

पत्र: मी ठाण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. प्रबंधाचा विषय आहे मेथिलीन ब्लू हा रंग आणि लाल प्रकाश वापरून स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला जंतूंचा थर) मारणं. दिवा म्हणून ऑनलाइन मागवलेला ५० वॉटचा ‘ग्रो लाइट’ वापरते. नळीतल्या सुट्या पेशी ५ मिनिटांत जवळजवळ सगळ्या मरतात. पण ९६ वेलच्या (छोट्या खाचांच्या) प्लेटमधला २४ तासांचा बायोफिल्म ढिम्म हलत नाही. रंग १० मायक्रोमोलरवरून ५०, मग २००, मग ५०० पर्यंत नेला, तर क्रिस्टल व्हायोलेट या जांभळ्या रंगाने थर मोजल्याचं रीडिंग कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं. मॅडम म्हणतात, हळदीतलं करक्युमिन घेऊन बघ. सहा आठवडे उरलेत. आणखी एक, घरचं: बाबांना मधुमेह आहे, हिरड्यांतून रक्त येतं. डेंटिस्टनी ‘लाइटचा उपचार’ सुचवलाय. करावा का? घरी हळद लावून टॉर्च मारला तर चालेल का? – स. वि., कळवा

उत्तर:

स. वि., आधी धीर देणारी गोष्ट सांगतो. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून बायोफिल्म मेला की जिवंत राहिला, हे ठरवताच येत नाही. म्हणजे प्रयोग फसला असं म्हणायलाही आधार नाही. रंग आणखी वाढवू नका, हळदीकडेही वळू नका. पहिला आठवडा फक्त मोजमाप दुरुस्त करण्यात घालवा. सहा आठवड्यांतला एक आठवडा त्यावर गेला तरी पाच पुरतात.

क्रिस्टल व्हायोलेट वेलच्या तळाला काय चिकटलंय ते सांगतो. चिकटलेली पेशी जिवंत आहे की मेलेली, हे त्याला कळत नाही. मेलेली पेशी जांभळी होते, पेशींभोवतीचा साखर-प्रथिनांचा चिकट लगदाही जांभळा होतो. प्रकाशाने सगळे जंतू जागच्या जागी मारले आणि एकही सुटून वाहून गेला नाही, तरी रीडिंग जसंच्या तसं राहील. शिवाय मेथिलीन ब्लू हाही एक रंगच आहे. तो बायोफिल्मला घट्ट धरून बसतो, क्रिस्टल व्हायोलेटसाठी आपण ॲसिटिक ॲसिड किंवा अल्कोहोल घालतो तेव्हा त्याच्याबरोबर सुटतो, आणि ५९० नॅनोमीटरला तोही प्रकाश शोषतो. म्हणून तुम्ही जितका रंग वाढवलात तितकं रीडिंग चढलं. खात्री करायची असेल तर चार वेलमध्ये फक्त मेथिलीन ब्लू घाला, धुवा, क्रिस्टल व्हायोलेट न घालता थेट ॲसिटिक ॲसिड घालून वाचा. जो आकडा येईल तो तुमच्या सगळ्या रीडिंगमध्ये मिसळलेला आहे.

जिवंत पेशी रंगबदलातून दाखवणाऱ्या रेझाझुरिन किंवा एक्सटीटी चाचणीचा मार्ग कुणी सुचवला तर नम्रपणे नाही म्हणा. मेथिलीन ब्लू इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. या चाचण्यांचा सगळा डोलारा इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवर उभा असतो, त्यामुळे रंगाचा अंश उरला की आकडा बिघडतो. तुमच्यासाठी खरा निकाल एकच: खरवडून, पातळ करून, प्लेटवर वाढवलेल्या कॉलनी.

आता ५०० मायक्रोमोलरचं काय होतं ते हिशेबाने बघू. ९६ वेलच्या प्लेटमधल्या एका वेलचा तळ साधारण ०.३२ चौ.सें.मी. असतो. त्यात १०० मायक्रोलिटर द्रव घातला की त्याची उंची ३ मि.मी.च्या जरा वर जाते. मेथिलीन ब्लूच्या सुट्या रेणूचं शोषण ६६४ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त, आणि मोलर शोषणांक ७५,००० धरला तर १० मायक्रोमोलरमधून सुमारे ५८ टक्के लाल प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. ५० मायक्रोमोलरला उरतो जेमतेम ७ टक्के. २०० ला टक्क्याचा शंभरावा हिस्साही उरत नाही, आणि ५०० ला तळाशी काळोखच समजा. जास्त मात्रेत रेणू जोड्या करून बसतात, जोडीचं शोषण ६१० नॅनोमीटरकडे सरकतं आणि तिची जंतू मारण्याची क्षमताही घटते, त्यामुळे नेमके आकडे थोडे इकडेतिकडे होतील. निष्कर्ष मात्र बदलत नाही. तुम्ही बायोफिल्मवर निळी छत्री धरलीत आणि वरून दिवा लावलात. बायोफिल्म तळाशी, दिवा वर, मध्ये रंगाचा थर. नळीतल्या पेशी मेल्या, कारण त्या रंगातच तरंगत होत्या, हलवताना वरच्या उजेडाच्या थरात येत होत्या, आणि प्रत्येकीच्या अंगाला रंग लागलेला होता.

यावरचा उपाय फुकट आहे. रंग अंधारात मुरू द्या, मग काढून घ्या, एकदा हलके धुवा, वेलमध्ये स्वच्छ पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) घाला आणि मग दिवा लावा. आता प्रकाश अडवायला वर काही नाही, आणि जो रंग उरला आहे तो नेमका बायोफिल्मच्या आत आहे. तो तिथेच हवाही असतो. प्रकाशाने रंग चेतवला की ऑक्सिजनपासून सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे त्याचं अतिक्रियाशील रूप, तयार होतो. पाण्यात तो ३-४ मायक्रोसेकंद टिकतो, पेशीत त्याहून कमी, आणि तेवढ्यात मायक्रॉनचा लहानसा अंशच पार करतो. जंतूला चिकटलेल्या रंगाने जंतू मरतो, दोन मायक्रॉन दूर असलेल्या रंगाचा त्याला काही त्रास होत नाही.

म्हणजे एकाच जागी तीन गोष्टी हव्यात: रंग, प्रकाश आणि ऑक्सिजन. बायोफिल्म या तिन्हींना अडवतो, आणि तुम्हाला यातली नेमकी कुठली कमी पडते ते शोधायचंय.

ऑक्सिजन कमी पडतोय का, हे बघण्याची एक सोपी खूण आहे. रंग घालून प्लेट अंधारात २० मिनिटं ठेवा. मग मंद उजेडात ती पांढऱ्या कागदावर धरा आणि खालून तळ बघा. कडेला निळा आणि मधोमध, जिथे थर जाड आहे तिथे, फिकट दुधट डाग दिसला तर समजा की खालच्या जिवंत जंतूंनी मेथिलीन ब्लूचं क्षपण करून त्याचं रंगहीन ल्युको रूप केलंय. पिपेटने दोन-तीनदा वर-खाली करा. हवा मिसळली की निळा रंग परत येतो. दूध डेअरीत मेथिलीन ब्लू रिडक्शनची चाचणी करतात, ती हीच गोष्ट. १० मि.ली. दुधात १ मि.ली. रंग घालून ३७ अंशांना ठेवतात. अर्ध्या तासात रंग गेला तर दूध खराब, पाच तास टिकला तर उत्तम. तुमच्या वेलमध्ये जंतूंची गर्दी दुधापेक्षा कितीतरी पट. ल्युको रूप लाल प्रकाश शोषतच नाही, मग त्याच्यावर कितीही ज्यूल ओता. असा डाग दिसला तर मुरवण्याचा वेळ १० मिनिटांवर आणा, दिवा लावण्याआधी पीबीएस ताजं घाला, आणि प्रकाश सलग देण्याऐवजी २ मिनिटं चालू, १ मिनिट बंद असा द्या. बंद काळात ऑक्सिजन पुन्हा आत झिरपतो. मात्रा मोजताना फक्त चालू मिनिटं धरा.

रंगाच्या बाटलीबद्दल विचारलं नाहीत, पण हे आवर्जून सांगतो. स्टेनिंगच्या रॅकवरची लोफ्लरची मेथिलीन ब्लू वापरली असेल तर आजच सोडा. तिच्यात अल्कोहोल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. त्यांनी पेशी अंधारातही मरतील आणि तुम्ही श्रेय प्रकाशाला द्याल. पावडरच्या डब्यावर ट्रायहायड्रेट लिहिलंय का बघा. असेल तर १ मिलिमोलरच्या साठ्यासाठी ३७.४ मि.ग्रॅ. पावडर १०० मि.ली. पाण्यात, निर्जल असेल तर ३२ मि.ग्रॅ. डब्यावर रंगाचं शुद्ध प्रमाण टक्क्यांत दिलेलं असतं, त्यानुसार वजन वाढवून घ्या. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळताना पडदा बराच रंग धरून ठेवतो. पहिले ३-४ मि.ली. टाकून द्या, आणि गाळल्यावर ५ मायक्रोमोलरचं द्रावण करून १ सें.मी.च्या क्युव्हेटमध्ये ६६४ ला वाचा. आकडा ०.३५ ते ०.४५ च्या दरम्यान यायला हवा. फारच खाली आला तर तुमच्या ‘५०’ चे खरे ३०च असतील. बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. पावसाळ्यात पावडर ओल धरते, म्हणून डबा डेसिकेटरमध्येच राहू द्या.

आता दिवा. बहुतेकांचं पाणी मुरतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

५० वॉट हा आकडा विजेचा आहे. त्यातला मोठा भाग उष्णता होतो, उरलेला प्रकाश चहूकडे पसरतो, आणि वेलच्या तळावर किती पडतो हे डब्यावर लिहिलेलं नसतं. शिवाय ग्रो लाइटमध्ये झाडांसाठी ४५० चा निळा, ६६० चा लाल, कधी ७३० चा गडद लाल, कधी पांढरे दिवेही मिसळलेले असतात. दिवा पांढऱ्या कागदावर पाडा आणि तो कागद जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत बघा. थेट दिव्याकडे बघू नका. लालाबरोबर निळा किंवा हिरवा पट्टा दिसला तर हा दिवा प्रबंधासाठी बाद. परीक्षकांनी ‘तरंगलांबी किती?’ विचारलं की उत्तर देता येणार नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला ६६० नॅनोमीटरचे ‘डीप रेड’ ३ वॉटचे एलईडी ॲल्युमिनियमच्या, चांदणीच्या आकाराच्या पाटीवर बसवलेले मिळतात. बारा घ्या. एकेकावर साधारण २.२ व्होल्ट पडतात, म्हणजे बारा ओळीने जोडले की सुमारे २६ व्होल्ट. त्यांना ७०० मिलीॲम्पिअरचा स्थिर-करंट ड्रायव्हर हवा, ज्याच्या व्होल्टेजच्या पट्ट्यात २६ बसतात. मोबाइलच्या चार्जरवर किंवा साध्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर जोडाजोड करू नका. एलईडी तापला की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो, आणि शेवटी जळतो. पाट्या थर्मल पेस्ट लावून पंखांच्या हीट सिंकवर बसवा, ४ ओळी आणि ३ स्तंभ, मागे कॉम्प्युटरचा छोटा पंखा. वागळे इस्टेटमध्ये किंवा महाप्याला पत्र्याचा वा ॲक्रिलिकचा स्टँड कापून मिळतो. उंची कमी-जास्त करता येईल असाच करून घ्या, कारण तीव्रता उंचीनेच जुळवायची आहे.

तीव्रता मोजायला भौतिकशास्त्र विभागात लेसरचा पॉवर मीटर आहे का विचारा. असेल तर तरंगलांबीचं बटण ६६० वर ठेवून वाचा. लक्स मीटर आणि मोबाइलवरची ॲप इथे कामाची नाहीत. ती माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात, आणि ६६० चा प्रकाश डोळ्याला ५५५ च्या हिरव्याच्या मानाने फक्त ६ टक्के तेजस्वी वाटतो. पॉवर मीटर नसेल तर बीपीडब्ल्यू ३४ नावाचा फोटोडायोड घ्या. त्याचं संवेदनशील क्षेत्र ७.५ चौ.मि.मी. आणि ६६० ला तो दर वॉटमागे साधारण ०.४ ॲम्पिअर देतो. दोन्ही पाय मल्टिमीटरच्या मिलीॲम्पिअर खाचेला जोडा. ३० मिलीवॉट प्रति चौ.सें.मी. तीव्रता असेल तर सुमारे ०.९ मिलीॲम्पिअर दिसेल. हे मोजमाप अंदाजे आहे आणि एकाच रंगाच्या दिव्यालाच लागू आहे, पण रोजच्या रोज दिवा तोच आहे ना, हे बघायला पुरेसं आहे. डायोड प्लेटच्या तळाच्या उंचीवर ठेवा, झाकण ठेवणार असाल तर झाकणाखाली. दिवा आधी १० मिनिटं चालू ठेवा. लाल एलईडी तापला की त्याचा प्रकाश उतरतो, थंड दिव्यावर घेतलेलं माप खोटं ठरतं.

तीव्रता ३० असेल तर १० ज्यूल प्रति चौ.सें.मी.ला ५ मिनिटं ३३ सेकंद, ३० ज्यूलला १६ मिनिटं ४० सेकंद, ६० ज्यूलला ३३ मिनिटं २० सेकंद. हेच तीन डोस घ्या, चौथा शून्य. दिवा जवळ नेऊन १५० मिलीवॉटवर वेळ वाचवायचा मोह टाळा. तेवढ्या जोराने ऑक्सिजन संपण्याचा वेग तो झिरपण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो, आणि तेवढेच ज्यूल देऊनही कमी जंतू मरतात. मधल्या वेलपासून चारही कोपऱ्यांपर्यंत माप घ्या. मधल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक असलेले वेल वापरू नका. एक स्तंभ आड वेल रिकामे ठेवा, नाहीतर पारदर्शक प्लास्टिकमधून उजेड शेजारच्या वेलमध्ये गळतो. प्लेटखाली काळा कार्डपेपर ठेवा.

एका जादा वेलमध्ये पाणी घालून थर्मोकपलची बारीक टोकाची तार बुडवा आणि ३३ मिनिटांत तापमान किती चढतं ते लिहून ठेवा. दोन-तीन अंशांपर्यंत ठीक. ठाण्याच्या मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते, त्यात दिव्याखाली ४५ झाले तर तुम्ही जंतू शिजवताय.

बायोफिल्म वाढवायची पद्धत अशी ठेवा. एटीसीसी २५९२३ सारखा ओळखीचा स्ट्रेन, रात्रभराचं कल्चर टीएसबी या पोषक द्रवात १ टक्का ग्लुकोज घालून शंभरपट पातळ, वेलला २०० मायक्रोलिटर, ३७ अंश, न हलवता २४ तास. कडेचे सगळे वेल निर्जंतुक पाण्याने भरा, प्लेट ओल्या कापसाबरोबर डब्यात ठेवा, नाहीतर कडेचं द्रव उडतं आणि तिथला थर वेगळाच होतो. रात्री वीज जाऊन इन्क्युबेटर बंद पडला असेल तर ती प्लेट टाकून द्या. दुसऱ्या दिवशी द्रव काढताना टिप वेलच्या भिंतीला टेकवा, तळाला लावू नका. प्लेट उलटी करून आपटायची सवय असेल तर ती इथे महागात पडते, अर्धा बायोफिल्म टिश्यू पेपरवर जातो. पीबीएस भिंतीवरून ओघळू द्या, दोनदा.

मग खोलीतला उजेड कमी करा. रंग १००-१०० मायक्रोलिटर घाला, प्लेट फॉइलमध्ये १५ मिनिटं. रंग काढा, एकदा धुवा, १०० मायक्रोलिटर पीबीएस घाला, दिव्याखाली ठेवा. झाकणाच्या आत दव धरलं असेल तर प्रकाश विखुरतो, शक्य तर लॅमिनार फ्लोमध्ये झाकण काढूनच द्या, पण हवेचा झोत बंद ठेवून, नाहीतर वेल सुकतील. रंगाच्या मात्रा १०, ५० आणि १०० मायक्रोमोलर एवढ्याच.

प्रकाश झाला की पटापट पण मंद उजेडातच काम उरका, कारण पातळ करताना खिडकीचा उजेड पडला तर उरलेला रंग तिथेही जंतू मारत राहील. वेलमध्ये आणखी १०० मायक्रोलिटर पीबीएस घालून एकूण २०० करा. टिपेने तळ आणि भिंत खरवडा, प्रत्येक वेलला सारखेच, समजा २० फेरे. प्लेट सीलबंद करून बाथ सॉनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गोळे फोडणाऱ्या यंत्रात) ५ मिनिटं, पाण्यात बर्फ टाकून. हे न केल्यास शंभर पेशींचा गोळा एक कॉलनी म्हणून उगवतो आणि तुम्हाला वाटतं ९९ टक्के मेले. उलट सॉनिकेटरनेच पेशी मरत नाहीत ना, हे सुट्या कल्चरवर एकदा तपासून घ्या. पुढे २० मायक्रोलिटर १८० मध्ये, असं सात पायऱ्या. प्रत्येक पायरीचे १० मायक्रोलिटरचे तीन थेंब आगारवर, प्लेट अंधारात इन्क्युबेट. ज्या थेंबात ३ ते ३० कॉलनी असतील तो मोजा. २४ तासांनी मोजा आणि ४८ तासांनी पुन्हा बघा. प्रकाशाने जखमी झालेल्या पेशी उशिरा उगवतात, आणि पहिल्या दिवशीची स्वच्छ प्लेट दुसऱ्या दिवशी बारीक कॉलनींनी भरलेली दिसू शकते.

एकही कॉलनी नसेल तर शून्य लिहू नका. पातळ न केलेल्या २०० मायक्रोलिटरपैकी तीन थेंबांत तुम्ही ३० पेरलेत. त्यात एक कॉलनी म्हणजे वेलमागे सुमारे ७. म्हणून ‘७ पेक्षा कमी’ असं लिहा. घट लॉगमध्ये काढा, एक लॉग म्हणजे दहापट घट. एक कोटी जंतूंमधले ९० टक्के मारले तर दहा लाख उरतात, आणि ते रात्रभरात पुन्हा थर बांधतात. ९९.९ टक्के, म्हणजे ३ लॉग, ही जंतुनाशक म्हणवण्याची रूढ पायरी. बायोफिल्ममध्ये तुम्हाला स्वच्छपणे मोजलेली दीड-दोन लॉगची घट मिळाली तरी तो प्रामाणिक, मांडण्याजोगा निकाल आहे.

कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या अटी, चारच, पण एकही गाळू नका: रंग नाही-प्रकाश नाही, फक्त रंग, फक्त प्रकाश, आणि दोन्ही. अंधारातल्या कंट्रोलची प्लेट कपाटात ठेवू नका. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून त्याच दिव्याखाली, त्याच उंचीवर, तितकाच वेळ ठेवा, म्हणजे उष्णतेचा हिशेबही त्यातच होतो. ‘अंधार’ या शब्दाबाबत कडक राहा. हे शास्त्रच त्या निष्काळजीपणातून उमगलं. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब यानं १९०० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ॲक्रिडिन रंगात पॅरामेशियम हे एकपेशीय जीव किती वेळात मरतात ते मोजलं, आणि त्याचे आकडे दिवसागणिक बदलत होते, कारण खोलीतला उजेड बदलत होता. १९०४ मध्ये या परिणामाला फोटोडायनॅमिक क्रिया हे नाव मिळालं. खिडकीजवळच्या टेबलावर ‘अंधारातला’ कंट्रोल भरणाऱ्या प्रत्येकाच्या बाबतीत तेच घडतं.

प्रत्येक अटीला तीन-चार वेल, आणि सगळा प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कल्चरवर. संख्याशास्त्रात तुमचा आकडा ३ आहे, १२ नाही. एका प्लेटमधले चार वेल हे एकाच दिवसाचे चार थेंब. क्रिस्टल व्हायोलेट पूर्ण सोडू नका. ०.१ टक्का, १५ मिनिटं, धुणं, वाळवणं, ३० टक्के ॲसिटिक ॲसिड, आणि त्यातून ‘फक्त मेथिलीन ब्लू’ वेलचं रीडिंग वजा. कॉलनी घटल्या आणि क्रिस्टल व्हायोलेट तसंच राहिलं, तर जंतू जागीच मेले, सुटून गेले नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चर्चेचं प्रकरण आपोआप भरतं.

एवढं करून घट कमीच वाटली आणि चौथ्या आठवड्यात हात मोकळे असतील, तर पोटॅशियम आयोडाइड करून बघा. मेथिलीन ब्लूबरोबर १०० मिलिमोलर आयोडाइड असलं की प्रकाशात आयोडीनसारखे टिकाऊ पदार्थ तयार होतात, जे सिंग्लेट ऑक्सिजनपेक्षा लांब पोहोचतात. दिवा लागला तेव्हा आयोडाइड वेलमध्येच हवं, म्हणून ते धुण्यानंतरच्या पीबीएसमध्येही घाला. दिवा बंद केल्यावर हे आयोडीन मारत राहतं, तेव्हा पातळ करण्याआधी सोडियम थायोसल्फेटने ते निष्प्रभ करा. आयोडाइड आणि प्रकाश, पण रंग नाही, असा कंट्रोल त्याला लागेल. स्युडोमोनास हा जंतू मात्र या सहा आठवड्यांत अंगावर घेऊ नका. त्याच्या बाहेरच्या पटलातून रंग आत घालवणं हा वेगळा प्रबंध आहे.

करक्युमिनबद्दल मॅडमना वस्तुस्थिती सांगा. ते प्रकाशक्रियेत खरंच वापरतात, पण ते ४२०-४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतं, म्हणजे दुसरा दिवा बांधावा लागेल. पाण्यात ते विरघळत नाही, डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये साठा करून अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं, त्याचा वेगळा कंट्रोल लागतो. ७ पीएचच्या वरच्या बफरमध्ये ते अर्ध्या तासात बहुतांश विघटित होतं. आता सुरुवात केली तर दोन्ही अर्धवट राहतील.

सगळ्या प्लेट आणि टिपा १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करूनच टाका. दिव्यासमोर काम करताना लाल प्रकाश रोखणारा गॉगल, आणि हातमोजे, नाहीतर आठवडाभर बोटं निळी राहतील.

आता बाबांचं. घरी हळद आणि टॉर्च नको. स्वयंपाकाच्या हळदीत करक्युमिन तीनेक टक्केच असतं, ते पाण्यात उतरत नाही, आणि टॉर्चचा उजेड हिरडीच्या कपारीत पोहोचत नाही. निळा जोरदार दिवा मात्र डोळ्यांना इजा करू शकतो. मधुमेहात हिरडीचा जंतुसंसर्ग साखर वाढवतो आणि वाढलेली साखर संसर्ग वाढवते, तेव्हा घरगुती प्रयोगात महिने घालवायची ही जागा नव्हे.

डेंटिस्टना एक साधा प्रश्न विचारा: ‘लाइटच्या आधी हिरडीत निळा रंग घालणार का?’ रंग घालणार असतील तर ही तुमच्या प्रबंधातलीच क्रिया आहे. रंग नसेल आणि नुसता डायोड लेसर असेल, तर तो वेगळा उपचार, त्याचे फायदे-तोटे वेगळे, ते समजून घ्या. रंग-प्रकाशाचा उपचार हा दातांच्या मुळांवरचा कीट काढण्याच्या, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लॅनिंगच्या जोडीला करायचा असतो, त्याच्या ऐवजी नाही. कारण तुम्हाला वेलमध्ये दिसलं तेच तिथेही घडतं, जाड थरात रंग आणि प्रकाश खोल जात नाहीत. आधी थर खरवडून काढावाच लागतो. फक्त लाइट करू, सफाई नको, असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डेंटिस्टकडे जा. बाबांना जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल किंवा ते नैराश्याच्या गोळ्या घेत असतील तर मेथिलीन ब्लूच्या आधी डॉक्टरांना नक्की सांगा. तोंडात रंग थोडासाच वापरतात, पण त्यांना माहीत असलं पाहिजे.

उपचाराआधी प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी कपारीची खोली मि.मी.मध्ये मोजून लिहून द्यायला सांगा, आणि एचबीए१सीचा (गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्ट सोबत न्या. ३ मि.मी.पर्यंत ठीक, ४ आणि त्यावर लक्ष हवं. सहा ते आठ आठवड्यांनी त्याच जागा पुन्हा मोजून घ्या. तिथेही रक्त थांबलं का आणि खोली किती उतरली, हे दोन आकडे बघा.